पॉलिश पेपर आधी कपाटात ठेव

चि. पोरी,

तू लेथवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या कातयंत्रावर, कातलेली दोन्ही लाटणी पोचली. उजेडात धरून पाहिली, मग डोळे मिटून अंगठा फिरवला. तू लिहितेस, देवदार भिकार लाकूड आहे, धागे उपसून येतात, आता सागवान आणते. आणू नकोस. लाकडात खोट नाही, तुझ्या पटाशीला धार नाही.

खोक्याच्या लाकडाला आपण सरसकट देवदार म्हणतो, बहुतेक वेळा ते पाइन असतं. त्यात एक फिकट, मऊ पट्टा आणि एक गडद, कडक पट्टा, असे आळीपाळीने येतात. बोथट हत्यार मऊ पट्टा कापत नाही, दाबून चिरडतं आणि मुळासकट उपटतं. मग तू ६० नंबरचा पेपर घेतेस. पेपर मऊ भाग आधी खातो, गडद रेषा तशाच वर राहतात. तुझ्या लाटण्यावर त्या वरवंट्याच्या टाक्यांसारख्या बोटाला लागतात. डोळ्याला गुळगुळीत दिसतं म्हणून फसलीस.

धार लाव. दहा मिनिटं काम झालं की पुन्हा लाव. सालपट चांगलं सुटत असतानाच लाव, बिघडल्यावर नाही. पटाशी साध्या पोलादाची असेल तर ग्राइंडरवर निळी पडू देऊ नकोस, निळी पडली की तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं. हलक्या हाताने टेकव, पाण्यात बुडव, शेवट निसण्यावर, धार लावायच्या दगडावर, कर.

मग लाकूड फिरत असताना धारेमागचा उतार आधी नुसता टेकव. काही कापलं जाणार नाही. मूठ हळूहळू उचल, सालपट सुटेल. नेहमी जाडीकडून बारकीकडे जा. खाचेत दोन्ही काठांवरून तळाकडे उतर, तळातून वर चढू नकोस. हे तुला मी समोर बसवून दाखवलं होतं. तरी लाटण्याच्या मुठीजवळ तू वर चढलीस, तिथले धागे मला सांगतात.

सावंतवाडीच्या चितारआळीत फळं-भाज्या पांगाऱ्याच्या करतात, तो तर तुझ्या देवदाराहून मऊ. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळते, केवड्याच्या पातीने तिला चकाकी येते. त्या पातळ थराखाली उपसलेला धागा लपत नाही. मऊ लाकडावर पिढ्या जगल्या, आणि तुला महिन्याभरात सागवान हवं!

सागवानाने मला अकरा वर्षं फसवलं. त्यात वाळूचा अंश असतो, धार लवकर मरते, पण देवदारासारखं ते लगेच चुगली करत नाही. मी नगावर पलंगाचे खूर काढायचो. बोथट गोल पटाशीने ओरबाडायचं, पेपर मारायचा, भेगांत पुट्टी भरायची, वर पॉलिश. बहिणीच्या पहिल्या मुलाचा पाळणाही तसाच केला, बारा दांड्यांचा. एका पावसाळ्यात पुट्टी सुटली, लाकडाचे केस उभे राहिले. तिने दांड्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, मला एक शब्द बोलली नाही. पाळणा अजून तिच्या माळ्यावर आहे. गेलो की मी वर जाऊन हात लावून येतो.

त्यानंतर मी धारेचं मनावर घेतलं, तर कारखान्यातून काढलं गेलो. दर पंधरा मिनिटांनी निसण्यावर जातो म्हणून मालकाने माझे नग मोजून दाखवले. मोजणी बरोबर होती. पण बाकीच्यांचा पेपर घासण्यातला वेळ त्याने मोजलाच नाही. आज तीस वर्षं झाली, तो हिशेब मी मान्य केलेला नाही आणि करणार नाही. घरच्यांना त्या वर्षी त्रास झाला, हेही खरं.

आता ऐक. ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, हातमोजे अजिबात घालायचे नाहीत, चष्मा लावायचा. टेकण, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, लाकडाच्या जवळ घे आणि मशीन चालू करण्याआधी हाताने एक फेरा दे. लाकडात खिळा राहिला नाही ना, पाहा. खोक्यावर एचटी असा छाप असेल तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. एमबी असेल तर औषधाची धुरी दिलेली असते, ते कातूच नकोस. आणि खोक्याचं लाटणं कणकेला लावू नकोस, ते सरावाचंच.

पुढचा महिनाभर फक्त चाळीस मिलिमीटरचे चौरस तुकडे घे, गोल कर, एक खाच काढ, बारीक होईस्तोवर कात आणि टाकून दे. पेपर कपाटात, किल्ली आईकडे. तुझी आई हसेल, हसू दे.

आणि यापुढे लाटणं पाठवू नकोस. यंत्राखाली पडलेली मूठभर सालपटं पिशवीत भरून पाठव. लांब, गुंडाळलेली असतील तर मी तुला फोन करीन. पीठ असेल तर पिशवी परत पाठवीन, सोबत माझा जुना निसणा.

तुझा,
काका