एफडी मोडून जुनी मॉड्यूल्स घ्यावीत का?

लातूरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 34, हातात येणारा पगार 58,000, घराचा हप्ता 17,500. घरात आईवडील, पत्नी आणि 4 वर्षांची मुलगी. पुण्यात शिकताना होस्टेलवर त्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची, म्हणजे टेबलाभोवती बसून साहसकथा रचत खेळायच्या खेळाची, गोडी लागली. आता अमेरिकेतला एक संग्राहक या खेळाची 9 जुनी मॉड्यूल्स, म्हणजे छापील साहसांच्या पुस्तिका, एकगठ्ठा विकतो आहे. पोस्ट आणि कस्टम धरून 4,20,000 रुपये. यांच्याकडे 5 लाखांची एफडी आहे. ती मोडून संच घ्यायचा आणि मुलगी 18 वर्षांची झाली की तो विकून तिचं शिक्षण करायचं, असा विचार आहे. उत्तर रविवारपर्यंत द्यायचंय. पत्नीला अजून सांगितलेलं नाही.

एफडी मोडू नका. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत.

तुमचं प्रेम खरं आहे, हे पत्रातच दिसतं. सुटं कव्हर उलगडलं की आतल्या बाजूला फिक्या निळ्या शाईतला तळघराचा नकाशा कसा दिसतो, याचं तुम्ही अर्धं पान वर्णन केलंय. त्या प्रेमासाठी पैसे बाजूला काढायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याला मुलीच्या शिक्षणाचं नाव देण्याला.

आमच्या आजीच्या पेटीत निजामाच्या काळातले हाली रुपये होते, चारमिनारच्या छापाचे. यांना पुढं मोल येईल, असं ती सांगायची. एका नडीच्या वर्षी वडील ते घेऊन सराफ्यात गेले. सराफाने तराजू पुढे ओढला आणि चांदीच्या वजनाचे पैसे मोजले. त्याने फसवलं नाही. त्या दिवशी त्या गावात चांदीला गिऱ्हाईक होतं, नाण्याला नव्हतं. तुमच्या पुस्तिकांचं गिऱ्हाईक तर साता समुद्रापार आहे. नड लातुरात येणार आणि विक्री तिकडे होणार, त्यात किती महिने जातील ते कुणी सांगावं?

आता हिशेब. 4,20,000 रुपये 7 टक्क्यांनी 14 वर्षं राहिले तर कर वजा न करता साधारण 10,80,000 होतात. संच विकताना लिलावाचं कमिशन, विमा, पोस्ट यांत पाचवा हिस्सा गेला असं धरलं, तर तेवढीच रक्कम हातात पडायला तो साडेतेरा लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे किंमत तिपटीहून जास्त व्हायला हवी. ज्यांनी लहानपणी 1980च्या दशकात ही मॉड्यूल्स खेळली, तीच पिढी आज चढा भाव देते. 14 वर्षांनी त्यांतले बरेच जण घेणारे नसतील, विकणारे असतील.

यादीही नीट पाहिली. 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' जुनं आहे, पण दुर्मिळ नाही. खेळ नव्याने शिकणाऱ्यांच्या 'बेसिक सेट'च्या खोक्यांतून त्याच्या लाखो प्रती गेल्या. गठ्ठ्याची किंमत प्रत्यक्षात एकाच पुस्तिकेवर उभी आहे: 1981च्या 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस'ची नारिंगी कव्हरची आवृत्ती. हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीने ती आतल्या चित्रांवरून मागे घेतली, बहुतेक प्रती नष्ट केल्या आणि मजकूर बदलून हिरव्या कव्हरची काढली. म्हणून नारिंगीला भाव आहे. पण विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोत तिच्या पिना गंजलेल्या आहेत आणि गंजाचा डाग मधल्या पानावर उतरलाय. संग्राहकांच्या बाजारात एवढ्यानेही भाव पडतो. 'सीलबंद' म्हटलेल्या दोन पुस्तिकांचंही तसंच: प्लास्टिक नव्याने चढवता येतं, फोटोवरून ते ओळखू येत नाही.

शिवाय सांभाळायचं कुठे? आपल्याकडे मे महिन्यात कागद कडक होतो, श्रावणात सादळतो, आणि वाळवी तर भिंतीतच असते.

तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट 42,000 आहे. सहा महिन्यांचे अडीच लाख एफडीतून हलवायचेच नाहीत. उरलेल्या अडीच लाखांवर वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन उभं आहे. ते तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंत, पण मला ती ओळ सगळ्यात जड वाटली. यंदा सोयाबीन पाण्यात गेलंय, तेव्हा शेतीकडून आधार धरू नका.

महिन्याला जे 16,000 उरतात, त्यातले 8,000 मुलीच्या नावाने लावा. सुकन्या समृद्धी खातं अजून उघडलं नसेल तर पोस्टात जाऊन उघडा. हे लिहिताना व्याज 8.2 टक्के आहे, आणि मुलगी 18 वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. 3,000 छंदाच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षाचे 36,000 झाले. त्यातून जे घ्याल ते विकायचा विचार न करता घ्या, उघडा, खेळा. बाकीचे 5,000 दर महिन्याला आरडीत (आवर्ती ठेवीत) टाका.

आज रात्री पत्नीला सगळं सांगा, नारिंगी पुस्तिकेच्या भावासकट. मग विक्रेत्याला लिहा की पूर्ण गठ्ठा नको, 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' एकटं द्याल का? तो नाही म्हणाला तर रविवार जाऊ द्या. ते पुन्हा मिळेल, आणि बरंच स्वस्तात मिळेल.