सभेत हात वर करण्याआधी

कमिटीवर नवीन आलायस म्हणून सांगतो. आपल्या कोथरूडच्या सोसायटीत अध्यक्षांनी "सगळ्यांना मान्य ना?" विचारलं की माना डोलतात. गणपतीतल्या स्पीकरचा आवाज न सोसणाऱ्या आजीसुद्धा गप्पच बसतात. मला हे फार लागतं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत लोकांना गटात बसवून साध्या रेषांची लांबी ओळखायला लावली होती. बाकीचे ठरवून चुकीचं बोलले, तर सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण एक जण जरी खरं बोलला, की हा दबाव झपाट्याने ओसरायचा. उत्तर गुपचूप कागदावर लिहायचं असलं, की तेव्हाही तो कमी व्हायचा.

म्हणून वर्गणीचा विषय आला की आधी चिठ्ठ्या वाट, चर्चा नंतर. अध्यक्षांना शेवटी बोलू दे. आणि कुणी एकटा विरोधात उभा राहिला नि तुला पटलं, तर तिथल्या तिथे बोल, नंतर जिन्यात गाठून नको.