उंदराच्या पंजावरचा स्टिकर आणि साडेतीन लाखांची ‘ट्रायल’

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील अडुसष्ट वर्षांचे, सात आठवड्यांपूर्वी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून उजवी बाजू गेली. आता काठी टेकत संडासापर्यंत जातात, पण हात अजून मांडीवर पडून असतो. भावाने ‘उंदरांमधला पक्षाघात शास्त्रज्ञांनी उलटवला’ ही बातमी पाठवली, आणि पाठोपाठ एका केंद्राचा पत्ता. तिथे स्टेम सेलची (शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींची) ‘ट्रायल’, म्हणजे रुग्णांवरची चाचणी, चालू आहे, साडेतीन लाख भरा म्हणतात. भाऊ म्हणतो उंदरांवर सिद्ध झालंय, दीर म्हणतात उंदरांवरचं सगळं थोतांड असतं. खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

पैसे भरू नका. हे आधी सांगते, म्हणजे खालचं लांबण वाचायला वेळ नसेल तरी चालेल.

मी एका औषध कंपनीच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगांचे प्राणी ठेवतात तिथे, अकरा वर्षं काढली. त्यातली चार याच आजारावर, मग पुण्यात एका रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून. पिंजऱ्यात अंथरायच्या, वाफेने निर्जंतुक केलेल्या तुसाचा वास अजून नाकात आहे. म्हणजे दोन्ही बाजूंचं थोडंथोडं पाहिलंय.

तर उंदीर. आपल्या मराठीत रॅटलाही उंदीर आणि माउसलाही उंदीर, त्यामुळे बातमीत कोणता ते कळतच नाही. एक पाव किलोच्या आसपासचा, दुसरा पंचवीस-तीस ग्रॅमचा. पक्षाघातासाठी बहुतेक वेळा रॅट वापरतात. भूल देऊन मानेपाशी छोटा छेद घ्यायचा, धमनीतून टोकाला सिलिकॉन लावलेला नायलॉनचा बारीक धागा वर सरकवायचा, मेंदूच्या मधल्या धमनीचं तोंड बंद झालं की थांबायचं. दीड-दोन तासांनी धागा ओढून काढायचा. झाला पक्षाघात. घड्याळ लावून केलेला.

नंतर तो किती सुधारतो हे बघायच्या बऱ्याच रीती आहेत. त्यातली मला आवडायची ती स्टिकरची. पुढच्या दोन्ही पंजांच्या आतल्या बाजूला कागदाचा इवलासा गोल स्टिकर चिकटवायचा आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. चांगल्या पंजावरचा स्टिकर तो चार-पाच सेकंदांत दातांनी ओढून फेकतो. लुळ्या पंजावर मात्र तो स्टिकर तसाच घेऊन फिरतो, मिशा साफ करतो, कोपऱ्यात बसतो. जणू तो पंजा त्याचा नव्हेच. तुमच्या वडिलांचा हात मांडीवर पडून असतो असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला तेच आठवलं.

आता गंमत ऐका. काहीही औषध न देता दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेच उंदीर तो स्टिकर काढायला लागतात. आपोआप. म्हणून शेजारच्या पिंजऱ्यात नुसतं सलाइन टोचलेले उंदीर ठेवावेच लागतात, नाहीतर जे द्याल ते औषध ‘लागू’ पडतं. अगदी हळद-दूध दिलंत तरी.

माझीच एक फजिती सांगते. एका प्रयोगात स्टॉपवॉच माझ्या हातात होतं आणि कोणत्या पिंजऱ्यात औषध गेलंय हे मला ठाऊक होतं. लबाडी करायची नव्हती. पण औषधवाल्याने स्टिकरला नुसतं तोंड लावलं की अंगठा बटणावर पडायचा, सलाइनवाल्याचा स्टिकर पुरता सुटेपर्यंत मी थांबायचे. आकडे झकास आले. आमच्या वरिष्ठ बाईंनी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून स्वतःचे नंबर लावले आणि मला पुन्हा मोजायला बसवलं. फरक पार आटला. दुसरी चूक तर आम्ही सगळेच करायचो. पिंजऱ्यात हात घातला की जो आधी हाती लागतो तो सुस्त असतो, चपळ उंदीर मागे पळतो. पहिले सहा एका गटात आणि उरलेले सहा दुसऱ्यात टाकले, की प्रयोगाचा निकाल तिथेच लागला! चिठ्ठ्या टाकून गट पाडायला पाच मिनिटं लागतात, पण ती कुणी द्यायची.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, या पाच मिनिटांची किंमत पुढे हजारो रुग्णांनी मोजली आहे. एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध होतं. उंदरांत चाललं, मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांतही चाललं. २००६ साली पहिल्या मोठ्या ट्रायलमध्ये थोडा फायदा दिसला, लोक हुरळले. दुसरी ट्रायल सुमारे ३,३०० रुग्णांवर झाली आणि २००७ मध्ये निकाल आला: शून्य. मग काहींनी मागे जाऊन प्राण्यांवरचे जुने प्रयोग तपासले. जिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते आणि मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, तिथे औषधाचा परिणाम बराच कमी दिसत होता. म्हणजे औषध पडण्याच्या आधी आमचं मोजमाप पडलं होतं. पक्षाघातावर तोवर प्रयोगशाळेत आजमावलेल्या उपायांची २००६ मध्ये कुणीतरी मोजदाद केली होती, ती १,०२६ भरली. हा आकडा पाहून मी त्या दिवशी डबा न खाता घरी गेले होते.

उंदीर आणि माणूस यांतला फरक तर आहेच. आमचे उंदीर तरुण, बहुतेक नर, ना साखर ना बीपी. औषध द्यायचं ते धागा घातल्यावर थोड्याच वेळात. आपला रुग्ण सत्तरीचा, मधुमेह, बीपी, तंबाखू, आणि सकाळी उठल्यावर तोंड वाकडं दिसलं म्हणून आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग रिक्षाने तालुक्याला, तिथून सिटी स्कॅनसाठी जिल्ह्याला. या दोघांना एकच औषध सारखं लागू पडेल ही अपेक्षाच जरा भाबडी होती.

पण म्हणून तुमच्या दिरांचं थोतांडवालं म्हणणं बरोबर ठरत नाही. गुठळी विरघळवणारं जे इंजेक्शन आज मोठ्या रुग्णालयांत देतात, ते १९८५ मध्ये सशांवर तपासलं होतं. सशांच्या मेंदूत बारीक गुठळ्या सोडून. त्यातच कळलं की ते लवकर दिलं तर उपयोग, उशिरा दिलं तर नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या ट्रायलने तीन तासांच्या आतली मर्यादा पक्की केली, पुढे ती साडेचार तासांवर गेली. डॉक्टर ‘वेळेत आणलं असतं तर’ म्हणतात ना, ते ‘वेळेत’ सशांपासून आलंय. प्राण्याला नेमका प्रश्न विचारला तर तो नेमकं उत्तर देतो. ‘माणूस बरा होईल का’ हा प्रश्न त्याला विचारायचाच नसतो.

आता स्टेम सेल. भावाने पाठवलेल्या बातमीतला उंदरांवरचा प्रयोग खोटा असेलच असं मी म्हणणार नाही. पण माणसांवर हे करून बघितलंय, आणि तेही आपल्याकडे. भारतातल्या पाच केंद्रांत १२० रुग्ण घेतले, पक्षाघात होऊन एक ते चार आठवडे झालेले, म्हणजे तुमच्या वडिलांपेक्षा थोडे आधीच्या टप्प्यावरचे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या, निम्म्यांना नाही. सहा महिन्यांनी ज्यांनी तपासलं त्यांना कुणाला पेशी मिळाल्या हे सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये निकाल छापून आला: धोका दिसला नाही, फायदाही दिसला नाही. दोन्ही गट सुधारले, सारखेच.

हे ‘दोन्ही गट सुधारले’ नीट लक्षात घ्या. पक्षाघातानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत माणूस आपसूक बराच सुधारतो, त्या उंदरांसारखाच. या काळात सलाइनची बाटली लावली तरी महिन्याभराने फरक दिसेल. त्या केंद्राच्या व्हिडिओत काका आधी खुर्चीत आणि नंतर चालताना दिसतात, ते खोटं नाहीच. पण पेशी न घेतलेल्या काकांचा व्हिडिओ कुठे आहे? सात आठवड्यांच्या रुग्णाकडे अशी केंद्रं का धावतात, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दोन वर्षांच्या जुन्या रुग्णाकडून त्यांना असा व्हिडिओ मिळत नाही.

ती खरी ट्रायल आहे का, हे तुम्ही घरबसल्या बघू शकता. भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय, ती आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था चालवते, बघायला पैसे पडत नाहीत. औषधांच्या ट्रायलसाठी १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. नंबर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असा असतो. केंद्राला तो मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाले तर फोन ठेवा. नंबर दिलाच तर उघडून बघा: आजार तोच आहे का, तुमच्या गावचं केंद्र यादीत आहे का, तुलनेचा गट आहे का. आणि पैशांचं म्हणाल तर, संशोधनासाठी म्हणून जे करायचं त्याचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, असं आयसीएमआरच्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. मी कोऑर्डिनेटर असताना आम्ही रुग्णांना येण्या-जाण्याचं भाडं द्यायचो, एसटीचं तिकीट फाइलला लावून. साडेतीन लाख घेणारी ‘ट्रायल’ म्हणजे दुकान.

आता हाताबद्दल, कारण तिथे करण्यासारखं काही आहे. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन संशोधकाने माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या. माकडं तो हात वापरेनात. पण चांगला हात बांधून ठेवला की तो लुळा हात वापरायला लागायची. म्हणजे हात नुसता गेलेला नव्हता, न वापरण्याची सवय लागली होती. पुढे १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या १७ माकडांचे हाल बाहेर आले, पोलिसांनी माकडं जप्त केली, टॉबना शिक्षा झाली, ती अपिलात रद्द झाली, आणि त्या गदारोळातून अमेरिकेतला प्राण्यांविषयीचा कायदा कडक झाला. ते फोटो मी पाहिलेत, दुसऱ्यांदा बघणार नाही. तरी त्याच कामातून निघालेली व्यायामपद्धत माणसांवर तपासली गेली. २००६ मधल्या ट्रायलमध्ये २२२ रुग्ण होते, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे चांगल्या हातात जाड हातमोजा, जागेपणी जवळजवळ सगळा वेळ, आणि लुळ्या हाताकडून तासन्‌तास सराव. फायदा झाला, आणि वर्षभर टिकला.

मात्र उद्या सकाळी वडिलांचा डावा हात बांधू नका. एक तर लुळ्या हाताचं मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत, त्याशिवाय ही पद्धत जमत नाही. आणि २००९ च्या एका छोट्या ट्रायलमध्ये झटक्यानंतर थोड्याच दिवसांत हीच पद्धत भरपूर वेळ करून घेतली, तर ते रुग्ण उलट मागे पडले. शिवाय अजून काठी लागते, बांधलेल्या हाताने पडले तर खुबा मोडायचा. त्यामुळे न्यूरोलॉजिस्टना आणि फिजिओथेरपिस्टना विचारा, की तीन महिने झाले की हे वडिलांना जमेल का, आणि तोवर रोज किती व्यायाम.

भावाशी वाद घालू नका, त्याला फक्त सीटीआरआयचा नंबर मागायला लावा. केंद्राने संमतीपत्रक दिलं असेल तर नाव-पत्ता झाकून त्याची पानं इथे टाका, मी वाचून सांगते. आणि वडिलांचं मनगट टेबलावर ठेवल्यावर किती वर येतं, तेही लिहा.