एकाच गावाची 'मडगाव' आणि 'मार्गाओ' अशी दोन नावं कशी? त्यातलं खरं कोणतं? याचा काही शास्त्रीय अभ्यास होतो का?

होतो. त्याला स्थलनामशास्त्र म्हणतात. भाषाशास्त्रात एम.ए. करताना मी गोव्यातल्या पाट्या वहीत उतरवत भरपूर बसप्रवास केलाय. पण 'खरं कोणतं' हा प्रश्न तिथे पहिल्याच आठवड्यात गळून पडतो. त्याऐवजी विचारायचं असतं : नाव कोणी उच्चारलं, कोणी ऐकलं आणि ऐकणाऱ्याने ते कोणत्या लिपीत लिहिलं?

'डबा' म्हणा, मग 'घोडा' म्हणा. दुसऱ्या ड ला जीभ टाळूवर टेकत नाही, नुसती फटकन आपटून खाली येते. पोर्तुगीजांच्या भाषेत हा ध्वनीच नव्हता. त्यांनी तो र म्हणून टिपला. म्हणून मडगावात र आला, पेडण्यात (Pernem) आला. कुडचडे (Curchorem) हा तर नमुनाच : दोन ड, दोन्हींचे र, आणि शेपटाला एक एम.

या एमने मला खरा नाद लावला. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या शेवटचा एम 'म्' असा उच्चारत नाहीत; आधीचा स्वर नाकातून काढा, एवढंच तो सांगतो. कोकणीत ही नावं नपुंसकलिंगी आणि सानुनासिक आहेत : पेडणें, केपें, सांगें, कुडचडें. म्हणजे ज्याला आपण अपभ्रंश म्हणून नाकं मुरडतो, ते स्पेलिंग तो अनुस्वार इमानेइतबारे सांभाळून आहे. उलट मराठीनेच 1962 च्या लेखननियमांत असले अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. घोळ झाला तो नंतर, हीच स्पेलिंगं इंग्रजीसारखी वाचल्यामुळे.

कुडचड्याच्या वाटेवर एका पर्यटकाने कंडक्टरकडे 'कर्चोरेम'चं तिकीट मागितलं होतं. कंडक्टरने दोनदा विचारलं, मग मोबाइलचा नकाशा बघितला आणि हसून म्हणाला, "कुडचडें!" शतकांचा ध्वनिइतिहास, आणि सुटे पैसे नाहीत म्हणून दोघांची वेगळीच कटकट.

मडगावात तर आजही दोन्ही चालतात : रेल्वे स्टेशनच्या रोमन पाटीवर मडगाव, शहराच्या पाट्यांवर मार्गाओ. मूळ पोर्तुगीज नावात शेवटच्या ए वर नाकात बोलायची खूण होती, म्हणजे तिथेही 'गांव'च. इंग्रजी टंकलेखनात खूण गळली आणि 'गाओ' उरला.

सरकारी नाव हा वेगळा थर. 1843 मध्ये पणजीला शहराचा दर्जा देऊन 'नोवा गोवा' असं नाव दिलं गेलं. कागदोपत्री ते मिरवलंही. आज बसच्या दारात लटकून पोरं ओरडतात ते मात्र "पणजे, पणजे!"

तुम्ही महाराष्ट्रातले असाल तर गोव्यापर्यंत जायचीही गरज नाही. वसईचं पोर्तुगीज स्पेलिंग बघा, 'बासईं'सारखं, शेवटी तोच नाकातला एम. इंग्रजांनी त्याचं बेसीन केलं.