सायडरसाठी सफरचंदं विकत घेऊ नका, मागून आणा

सुपरमार्केटात सफरचंदं दोन पौंड किलो, साडेचार लिटरच्या एका डेमिजॉनला (अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीला) नऊ-दहा किलो लागणार, म्हणजे वीसेक पौंड फळांतच गेले. त्यापेक्षा तयार सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य) स्वस्त पडते, मग लोक घरी करतात कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. हिशेब चोख आहे, पण दुकान चुकलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये राहून सायडरसाठी सफरचंदं विकत घेणं म्हणजे कोकणात राहून फणस विकत आणण्यासारखं आहे.

तुमच्या आसपासच्या जुन्या वस्त्यांतून एक चक्कर मारा. मागच्या अंगणात एखादं थोराड झाड असतंच, आणि बरेचदा ते ब्रॅम्ली नावाच्या आंबट सफरचंदाचं असतं. तुमच्यापासून फार लांब नाही, नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने बी लावलं, त्यातून ही जात आली. पुढे ते घर ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं. रोपवाटिकेवाला कलमं मागायला आला, तेव्हा त्याने अट घातली की नाव माझंच द्यायचं. बी लावणारीचं नाव राहिलं बाजूला. तर असं एक मोठं झाड चांगल्या वर्षी शंभर किलोच्या वर फळ देतं आणि घरातली दोन म्हातारी माणसं त्यातली पाच किलो खातात. उरलेली गवतात पडून कुजतात, गांधीलमाश्या येतात, मालक वैतागतो.

म्हणून सरळ दार वाजवा. मीही पहिल्या वर्षी लाजलो होतो. ‘तुमची पडलेली सफरचंदं उचलून नेऊ का? अंगणही साफ करून देतो’ एवढं म्हटलं की लोक पिशव्या आणून देतात. वसंतात त्या घरी एक बाटली पोचती करायची, म्हणजे पुढच्या वर्षी तेच निरोप पाठवतात. न विचारता तोडू नका. इंग्रजांकडे सफरचंदं चोरण्यासाठी ‘स्क्रम्पिंग’ असा खास शब्द आहे, यावरून काय ते समजा. काही जण फाटकाबाहेर खोक्यात फुकट ठेवतात. आणि २१ ऑक्टोबरच्या आगेमागे अनेक गावांत ‘अ‍ॅपल डे’ असतो (१९९० साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला झाला), तिथे झाडं असलेली माणसं भेटतात. सामायिक बागांमधून तर कधीकधी प्रेसही (फळं दाबून रस काढायचं यंत्र) ठेवलेला असतो, आपली फळं नेऊन रस काढून आणता येतो.

पडलेलं फळ चालतं, ठेचलेलं चालतं, किड्याचा भाग कापून टाकला की तेही चालतं. बुरशी धरलेलं मात्र अजिबात नाही, त्यात पॅट्युलिन नावाचं विष असू शकतं. मेंढ्या-गुरं चरतात तिथलं जमिनीवरचं फळ घेऊ नका, झाडावरचं घ्या. घरी आणल्यावर लगेच रस काढायची घाई नको. दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये पसरून ठेवा, अंगठा दाबला की खळी पडेपर्यंत. तेवढ्यात फळातल्या पिष्टाची साखर होते.

आता खरी मेख. नुसत्या ब्रॅम्लीची सायडर दात आंबवते. ती जात म्हणजे इथली कैरीच समजा (मेथांबा फर्मास होतो, आई इथे आली की तेच करते). तीन भाग गोड खायची सफरचंदं आणि एक भाग ब्रॅम्ली, इथून सुरुवात करा. तुरटपणासाठी मूठ-दोन मूठ रानटी क्रॅब सफरचंदं घाला. नाही मिळाली तर डेमिजॉनला कपभर कडक कोरा चहा. हसू नका, इथले जुने लोकही घालतात. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राने सायडरच्या फळांची वर्गवारीच आंबट आणि तुरट या दोन गोष्टींवर केली होती. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक या खास जातींत तुरटपणा मुळातच असतो, आपल्या अंगणातल्या फळांत तो बाहेरून आणावा लागतो.

रस काढायला प्रेस विकत घेऊ नका, निदान यंदा नको. फोडी करून बिया काढा, फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत ठेवा आणि बाहेर काढून पूर्ण वितळू द्या. बर्फाने पेशी फुटतात, मग ओल्या मांजरपाटात बांधून हाताने पिळलं तरी रस धो धो येतो. दहा-अकरा किलोंत डेमिजॉन भरतो. चोथा कंपोस्टात टाका.

एक चूक मी केलीय, तुम्ही करू नका. गावाहून आणलेल्या लोखंडी खलबत्त्यात फोडी कुटल्या. शास्त्रशुद्ध वाटलं होतं! रस काळपट पडला आणि सायडरला खिळा चोखल्यासारखी चव आली. लोखंड आणि तांबं लांब ठेवा. स्टील, काच, प्लास्टिक, लाकूड चालेल.

पुढचं सोपं आहे. सगळी भांडी निर्जंतुक करा. साडेचार लिटरला कॅम्पडेनची (रानटी जंतू मारणारी सल्फाइटची) एक गोळी चुरडून घाला (रस फार आंबट नसेल तर दोन), चोवीस तास थांबा आणि मग सायडरचं किंवा शॅम्पेनचं यीस्ट. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी काचेची नळी) मात्र घ्याच. रस साधारण १.०५० दाखवतो, तो १.००० वर आला की साडेसहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क झाला. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं बूच) लावून १५ अंशांच्या थंड कोपऱ्यात ठेवून द्या. कपाटात बॉयलरशेजारी ठेवलं तर झटपट होते आणि बेचव होते. बुडबुडे थांबले की गाळावरून नळीने दुसऱ्या डेमिजॉनमध्ये, अगदी गळ्यापर्यंत भरून. हवा राहिली तर व्हिनेगर झालंच म्हणून समजा.

बाटलीत भरायची घाई हा या छंदातला सगळ्यात धोकादायक भाग आहे, आंबणं चालू असेल तर बाटली फुटते. आठवड्याच्या अंतराने हायड्रोमीटरवर दोनदा तोच आकडा आला तरच भरा. फेस हवा असेल तर अर्ध्या लिटरला चहाचा पाऊण चमचा साखर, त्याहून जास्त नाही, आणि बाटल्या बिअरच्या जाड काचेच्या. माझा क्रम ठरलेला आहे: दिवाळीच्या सुमारास रस, गुढीपाडव्याला बाटल्या, पहिला घोट मे महिन्यात.

इथे घरच्यापुरती करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र नियम आहेत. महाराष्ट्रातल्या भावाला कृती पाठवणार असाल तर थांबा. तिकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य करणं गुन्हा आहे.

झाडांची ओळख होईपर्यंत हात बसवायचा असेल तर दुकानातला खोक्यातला स्वस्त सफरचंदाचा रस आणून एक डेमिजॉन लावा. लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं नाही ना, तेवढं बघा. त्यात यीस्ट वाढत नाही. नुसतं व्हिटॅमिन सी असेल तर हरकत नाही.