देऊळ बंद होतं त्या महिन्यांचं भाडं: स्टँपवर सही करावी का?

प्रश्न : शिखर शिंगणापुरात भाड्याच्या गाळ्यात माझं नारळ-पेढ्यांचं दुकान आहे. कोरोनात देऊळ बंद होतं त्या चौदा महिन्यांचे 56,000 रुपये मालक आता नोटीस पाठवून मागतायत. ‘थकबाकी मान्य आहे, हप्त्यानं फेडीन’ असं स्टँपपेपरवर लिहून द्या म्हणतात. देऊ का?

उत्तर : ताई, सही करू नका.

चैत्राच्या यात्रेवर तुमचं वर्ष निघतं, आणि 2020, 2021 अशी लागोपाठ दोन वर्षं ती भरलीच नाही. तरी स्पष्ट सांगतो, देऊळ सरकारनं बंद ठेवलं एवढ्यावरून भाडं माफ होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला सोडवतं ते जागा नष्ट किंवा कायमची निकामी झाली तर. तुमचा गाळा शाबूत होता, किल्ली तुमच्याकडे होती. करारात वेगळी सवलत लिहिली आहे का, तेवढं पाहा.

तुमची बाजू भक्कम आहे ती मुदतीवर. थकीत भाड्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ त्यातून वगळला. म्हणजे त्या भाड्याची मुदत उशिरात उशिरा 28 फेब्रुवारी 2025 ला संपली. त्यासाठीच त्यांना स्टँप हवा आहे: मुदत गेलेलं देणं फेडीन असं सहीनिशी लिहून दिलंत, तर करार कायद्याच्या कलम 25 नुसार ते नव्यानं बंधनकारक होतं. मुदत असताना चिठ्ठीवर किंवा व्हॉट्सॲपवर बाकी कबूल केली असेल, तर मात्र हिशोब बदलू शकतो. ते वकिलापासून लपवू नका.

मला जास्त काळजी वाटते ती चालू भाड्याची. नुसते चार हजार पाठवलेत आणि कशाचे ते सांगितलं नाहीत, तर मालक ते जुन्या बाकीत जमा धरू शकतात. करार कायद्याचं कलम 60 तशी मुभा देतं. मग ‘चालू महिना थकला, गाळा खाली करा’ म्हणायला ते मोकळे. फोनवरून पैसे पाठवताना खाली ‘जून महिन्याचं भाडं’ असं लिहा. रोख दिलेत तर तशीच पावती घ्या. घेईनात तर मनीऑर्डर करा.

संबंध जपायला थोडं द्यावंसं वाटलं, तर ‘यापुढे जुनी बाकी नाही’ असं मालकांच्या सहीनं घेऊनच द्या. मुदत गेली तरी देणं पुसलं जात नाही. जागा खाली करून मागताना ते पुन्हा उकरलं जाऊ शकतं.

नोटिशीला वेळेत उत्तर जाऊ द्या. दहिवडीच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी करा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना नोटीस, भाडेकरार आणि पासबुक सोबत न्या.