पर्पेच्युआ-फेलिसिटीचा सण ६ मार्चला की ७ ला?

प्रश्न: संत पर्पेच्युआ आणि फेलिसिटी यांचा सण जुन्या कॅथलिक कॅलेंडरात ६ मार्चला दिसतो आणि नवीनमध्ये ७ ला, खरी तारीख कोणती? आणि ज्या दिवशी ठार मारलं त्या दिवशी सण कसला करायचा, हेही समजत नाही.

उत्तर: ७ मार्चच. इ.स. २०३ मध्ये कार्थेजला, म्हणजे आत्ताच्या ट्युनिशियात, त्या दिवशी दोघींना आखाड्यात मारलं. आता सण कसला, तर सुरुवातीचे ख्रिस्ती लोक रक्तसाक्षीच्या, म्हणजे श्रद्धेपायी मारल्या गेलेल्याच्या, मरणाचा दिवस हा त्याचा स्वर्गातला जन्मदिवस धरायचे, आणि गंमत बघा, आखाड्यातला तो जनावरांपुढे टाकायचा खेळ ठेवला होता सम्राटाच्या मुलाच्या, गेटाच्या, वाढदिवसानिमित्त!

पर्पेच्युआ जेमतेम २२ वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं बाळ. फेलिसिटी गुलाम आणि आठ महिन्यांची गरोदर, आणि रोमन कायद्याने गरोदर बाईला मारता येत नव्हतं त्यामुळे तिला काळजी ही की सोबत पकडलेले पुढे जातील आणि आपण मागे राहू. जेलमध्येच तिला मुलगी झाली, ती पुढे एका ख्रिस्ती बाईने वाढवली.

या दोघींबद्दल खात्रीने बोलता येतं कारण पर्पेच्युआने जेलमध्ये स्वतः लिहिलेलं शिल्लक आहे, बहुतेक अभ्यासकही ते तिचंच मानतात. नाहीतर जुन्या संतांच्या कथांत मागाहून किती काय चिकटवलेलं असतं! वडील विनवण्या करायला आले तर ही म्हणते, हा सुरईसारखा घडा दिसतोय ना, याला दुसरं काही म्हणता येईल का, तसंच मलाही ख्रिस्ती सोडून दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. बाळ जवळ ठेवायला मिळालं तेव्हा जेल राजवाडा वाटायला लागला असंही लिहिलंय. शेवटचा प्रसंग अर्थातच दुसऱ्याने लिहिलाय, त्यात पिसाळलेल्या गाईने उडवल्यावर ती उठून आधी केस नीट बांधते, कारण मोकळे केस म्हणजे दुखवटा, आणि तिला तो दाखवायचा नव्हता.

राहिली ६ मार्च. थॉमस अक्वायनस, कॅथलिकांचे मोठे धर्मपंडित आणि संत, १२७४ साली ७ मार्चलाच वारले, त्यांचा सण त्या दिवशी असल्यामुळे या दोघी झाकल्या जायच्या म्हणून १९०८ मध्ये यांना एक दिवस अलीकडे आणलं. १९६९ मध्ये कॅथलिक कॅलेंडर बदललं, त्यात थॉमस २८ जानेवारीला गेले आणि यांना ७ तारीख परत मिळाली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चचं, कॅलेंडर हाती आलं तर तिथे १ फेब्रुवारी दिसेल, गोंधळू नका.